भेटायला येऊ नका

कोकिळेच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद उरली नव्हती. साधं पडसंही तिला झेपणार नाही, असं चिखलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर. म्हणून तिचा नवरा उत्तमराव सकाळपासून दारातच बसला होता. शेजारची गोजरबाई बाया घेऊन आली. “काऊन अडवता भाऊजी? तोंडावरून हात फिरवून जातो.” “वहिनी, चांदावर जानाऱ्याईलेही निंघाच्या आधी कोनाले भेटू देत नाई. तिकडं धडधाकट मानसाचीही रोगाशी लढाची ताकद घटते, रेडिओत सांगतलं.” “मंग आमची कोकिळा चांदावर चालली का?” बाया फणकाऱ्यानं निघून गेल्या. गल्ली रिकामी झाली. उत्तमराव उठला आणि त्याला शिंक आली, मागोमाग दुसरी. घसा सकाळपासूनच खवखवत होता. आतून कोकिळेनं हाक मारली, “अवो, पानी द्या.” तो उंबऱ्याबाहेर सरकला, तोंडावर दुपट्टा दाबून गोजरबाईला हाका मारू लागला.