दुपारचा आवाज

"दुपारी सांगितलं ना तुला," आई म्हणाली. "डावा नाही, उजवा गुडघा दुखतोय."

त्याचा घास हातातच राहिला. दुपारभर तो कुणाच्या तरी गच्चीवर इंटरनेटची वायर ओढत होता. आईशी गप्पा मारायला फुरसत कुणाला होती!

"मला नाही सांगितलंस, आई."

"बरं बाबा, नाही सांगितलं." आईने त्याच्या ताटात भाजी वाढली. "दुपारी किती गोड बोलतोस. घरी आलास की नुसता खेकसतोस."

न झालेलं बोलणं आईला आठवायची या आठवड्यातली ही तिसरी खेप.

लोकांच्या घरी इंटरनेट आणि कॅमेरे बसवणं हा त्याचा धंदा. बाबा गेल्यावर आई दिवसभर एकटी, म्हणून त्याने आपल्याही बैठकीच्या खोलीत, कपाटावर एक कॅमेरा बसवला. पांढरा, पेरूएवढा. त्यातून दिसायचं, ऐकू यायचं, बोलताही यायचं. फक्त त्याचा स्पीकर असा भिकार, की कुणीही बोललं तरी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. तो बरोबर बाराला बोलायचा. "गोळी घेतलीस?" "घेतली." झालं. एका मिनिटात विषय संपला. खोटं कशाला बोला, आईशी त्याहून लांब गप्पा त्याने कित्येक महिन्यांत मारल्या नव्हत्या.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "विसरणं एकवेळ ठीक," ते म्हणाले, "पण न घडलेलं आठवायला लागलं की जपायला हवं. एकटं ठेवू नका."

म्हणून मग त्याने वृद्धाश्रमात फोन केला. आई आंघोळीला गेली होती तेव्हा, बैठकीच्या खोलीत उभं राहून, अगदी हळू आवाजात. एक तारखेपासून जागा मिळत होती. आईला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मात्र त्याला सुचेना. चार दिवस त्याने टाळाटाळ केली.

पाचव्या दिवशी आईनेच विषय काढला. "आश्रमात नाही ना रे पाठवणार मला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. दुपारी." आई हसली. "आणि म्हणालास, मी असताना कसं पाठवेन? रडलेच मी, मेल्या."

फोनवरचं बोलणं तिने बाथरूममधून ऐकलं असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पुढचं तिच्या मनाने रचलेलं. बिचारी! त्याला इतकं अपराधी वाटलं, की तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे कॅमेरा बसवत होता. बाईंना हौस दांडगी. प्रत्येक गोष्ट समजून घ्यायची.

"म्हणजे माझ्या दाराचं चित्र आधी कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरवर जाणार, आणि मग माझ्या हातातल्या फोनवर येणार? इथून दार दहा पावलांवर, आणि एवढा द्राविडी प्राणायाम?"

"हो बाई. त्याचे तुकडे होतात. एकेक तुकडा मिळेल त्या वाटेने पळतो आणि इथे येऊन पुन्हा जुळतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तुम्ही जगात कुठेही असा, घर तुमच्या हातात."

"आणि वाटेत कुणी डोकावलं तर?"

"पासवर्ड असतो ना."

"काय ठेवलास?"

"एकपासून आठपर्यंत आकडे. मी सगळीकडे तोच ठेवतो, माझ्या घरीसुद्धा. माणसं विसरतात हो, मग मलाच खेपा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला अडकवायला तुला कुठल्या शाळेत शिकवलं रे?"

तो हसला. कॅमेऱ्यातून बोलता कसं येतं ते दाखवायला त्याने फोनवर आपल्या घरचा कॅमेरा उघडला.

आई कपाटासमोर उभी होती. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. ती कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावत होती. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

"आले, आले," ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

"आई!" तो ओरडला. "कुठे निघालीस?"

ती दचकून थांबली. "अरे, आत्ताच तर म्हणालास, दाराशी आलोय, कडी काढ!"

"मी नाही म्हणालो. आई, दार उघडू नकोस!"

तेवढ्यात फोनमधून आणखी एक आवाज आला. डब्यातून आल्यासारखा. शांत.

"आई, त्याचं नको ऐकूस. तो कुणीतरी परका आहे. मी बाहेर उभा आहे."

"अगं बाई," आई पुटपुटली. "दोन-दोन कसे बोलताय?"

"आई, मी आहे! मी! तुझा ढब्बू!"

"मी ढब्बू, आई," तो आवाज म्हणाला.

आई कॅमेऱ्याकडे टक लावून बघू लागली. तिचं डोकं पहिल्यापासून अगदी ठिकाणावर होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"मग सांग," ती म्हणाली, "काल दुपारी मी तुला काय सांगितलं?"

"गोळी... गोळी घेतली, म्हणालीस," तो म्हणाला.

"एकटीला घर खायला उठतं, म्हणालीस," दुसरा आवाज मायेने म्हणाला. "मी दुपारी बोलतो म्हणून दिवस निघतो, म्हणालीस."

आईचा चेहरा उजळला. तिने कडी काढली.