दुसरा सिलिंडर

हेल्मीला जाग आली ती शांततेने. हीटरची घरघर नव्हती. आयलीचं रडणं नव्हतं. खिडकीतून चक्क ऊन आत आलं होतं, आणि हेल्मीच्या तोंडून वाफ निघत होती.

ती झेपावलीच. दीड वर्षाची आयली पलीकडच्या छोट्या बिछान्यात मुटकुळं करून पडली होती. हेल्मीने तिच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. खात्री पटेना, म्हणून पुन्हा धरला. मग हाताला लागला तो नवऱ्याचा कोट अंगावर चढवून ती अनवाणीच बाहेर धावली.

सरोवराकाठचं गवत दंवाने पांढरं पडलं होतं. गाडीमागे जोडून आणलेलं त्यांचं चाकांवरचं घर म्हणजे एक डबाच; आत एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याने उठून उभं राहावं, एवढा. त्याच्या पुढच्या दांड्यावर गॅसचे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे होते. एक मूळचा. दुसरा हेल्मीच्या हट्टाचा.

गेल्या खेपेला आयली रात्रभर रडली होती. हेल्मीने निरीक्षण केलं. निरीक्षणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जीवशास्त्राची पदवी काय उगीच मिळाली होती? पोरीचे गाल लालबुंद, म्हणजे गार वारा लागतोय. पांघरूण लाथाडते, म्हणजे थंडीने चैन पडत नाही. केस ओले, म्हणजे खिडकीच्या काचेवरून पाणी टपकतंय. निदान झालं. हीटर वाढवायचा. हीटर वाढवला की गॅस मध्येच संपणार, म्हणून दुसरा सिलिंडर.

तिच्या नवऱ्याने, आर्नीने, एक अख्खा रविवार खर्ची घालून लोखंडी पट्टी बसवली, नळ्या जोडल्या. हेल्मीने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळती तपासली. तो जेवायला बसला तेव्हा गुपचूप जाऊन पुन्हा तपासली.

"बुडबुडा आला नाही म्हणून वाईट वाटतंय का तुला?" आर्नीने घास चावत विचारलं होतं.

या खेपेला हीटर असा पेटला, की आर्नी उघडाबंब झोपू लागला. "अगं, घाम काढायची सौना आपल्या घरी आहे," तो म्हणाला. "इथे आपण सरोवर बघायला आलोय."

"तुझी कातडी रेड्याची. ती लेकरू आहे."

लेकरू तरीही रडत होतं. रोज. जितका हीटर मोठा तितका टाहो मोठा, आणि जितका टाहो मोठा तितका हेल्मी हीटर आणखी वाढवत होती. काल संध्याकाळी आर्नीने हात टेकले. "आजची रात्र बघू. आजही रडली तर सकाळी सरळ घरी. आणि हा डबा एर्कीला देऊन टाकू."

एर्की त्याचा धाकटा भाऊ. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत मुक्कामाला त्याला हा डबा हवाच होता. बाळ झाल्यापासून हेल्मीची अशी, घराच्या चार भिंतींबाहेरची, एवढीच जागा उरली होती. तिने हीटरचा काटा शेवटपर्यंत फिरवला, आणि देवाआधी सिलिंडरांना हात जोडून झोपली.

आता तिने पहिला सिलिंडर हलवून पाहिला. हलका. दुसरा हलवला. तोही हलका.

एकच होता तेव्हा ती रोज त्याच्यावर कढत पाणी ओतायची आणि कुठवर गार लागतंय ते चाचपून आत किती गॅस उरलाय ते ताडायची. दुसरा आला आणि तिने चाचपणं सोडलं. दोन असताना काळजी कसली? शहाणी माणसं दुसऱ्याची चावी बंद ठेवतात, पहिला संपलेला कळावा म्हणून. हेल्मीने दोन्ही चाव्या उघडून ठेवल्या होत्या, हीटर क्षणभरही विझू नये म्हणून. तो विझला नाहीच. दोन्ही पिऊन मगच विझला. बिनधास्त राहण्याचा हा तिचा उभ्या जन्मातला पहिलाच प्रयोग.

दारात आर्नी रजई पांघरून उभा होता. "काय झालं?"

"दोन्ही संपले."

"कधी?"

"काय माहीत. आत सगळं गारठून गेलंय. रात्री कधीतरी."

"आणि आयली?"

"झोपलीये."

"रडली नाही?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मीच आधी उठले, आर्नी."

दोघं आत गेले. आयली लोकरीच्या कपड्यांत शांत पडून होती. पांघरूण जिथे खोचलं होतं तिथेच होतं. गाल गालांसारखे होते. हेल्मीने तिच्या केसांतून बोटं फिरवली. केस कोरडे. तिने खिडकीच्या काचेकडे पाहिलं. काचेवरून थेंब ओघळत होते, पण ते बिछान्यापासून हातभर लांब पडत होते. नेहमीच पडत असणार.

आयलीने ओठांनी मचमच केलं, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

आर्नी शहाणा. हसला नाही. त्याने बूट चढवले, बाहेर जाऊन दोन्ही सिलिंडर सोडवले आणि दोन हातांत दोन घेऊन उभा राहिला. "एर्कीला काय कळवू?"

"स्वतःचा डबा शोध म्हणावं."

"बरं. गावातलं दुकान उघडलं असेल. हे दोन्ही भरून आणतो."

हेल्मीने कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि त्याच्या एका हातातला सिलिंडर काढून घेतला.

"एकच ने," ती म्हणाली. "आणि तोही कॉफीपुरताच भर."