दुसान्यांची खोली

"चप्पल इथेच राहू द्या ताई, जिना अरुंद आहे," म्हणत शोभाबाईने पदर खोचला आणि ती पुढे झाली.

मागून येणारी बाई पन्नाशीची असेल. अपर्णा, एवढंच नाव तिने सांगितलं होतं. नाशिकहून सकाळी सुरतेत उतरली आणि बमरोलीत विचारत विचारत या गल्लीपर्यंत आली. सगळे असेच येत. कादंबरीकार त्र्यंबक दुसाने मिलमध्ये नोकरीला होते, या गल्लीत राहिले, इथेच त्यांनी सगळं लिहिलं, एवढं वाचकांना पाठ असायचं.

दुसान्यांचं खरं घर सात वर्षांपूर्वी पाडलं. त्या जागी आता कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. शोभाबाईने तर दुसान्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हाच त्या घराला कुलूप होतं. पण एकदा जळगावचे एक म्हातारे मास्तर कारखान्याच्या दारात उभे राहून हमसून हमसून रडायला लागले. तिला बघवेना. हात धरून तिने त्यांना आपल्या घरी आणलं, माळ्यावर नेलं आणि म्हणाली, "रडू नका मास्तर. ही काय त्यांची खोली."

तेव्हापासून हेच चाललं होतं. कुणाकडून तिने पैसा घेतला नाही. येणारा चहा पिऊन, भिंतीला हात लावून तृप्त होऊन जायचा. खोटेपणा तिला तेवढा टोचत राहायचा.

माळ्यावर दुपारचं पिवळं ऊन पसरलं होतं. लूमचा खटखटाट इथवर येता येता मऊ व्हायचा, लांबून कुणी होडी वल्हवत यावं तसा.

"बेसा ना ताई," शोभाबाईने झोपाळ्याकडे हात केला.

अपर्णा बसली. इतरांसारखे तिने फोटो काढले नाहीत, खिडकीतून वाकून पाहिलं नाही. तिने डोळे मिटले. झोपाळा आपसूक हलायला लागला.

"इथे बसून लिहायचे?"

"इथेच. मिलमधली पाळी संपली की सरळ वर."

"आणि खाली कुणी आवाज केला तर?"

"तर काय? हसायचे."

अपर्णाने डोळे उघडले. "हसायचे?"

"देवमाणूस, ताई."

अपर्णा मान हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यांना एक मुलगी होती ना?"

"होती ना! फार जीव तिच्यावर." हे शोभाबाईने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. पण त्या उन्हात तिला सगळं दिसायलाच लागलं. "एकदा पोरगी तापाने फणफणलेली. जिना चढून वर आली, दारात उभी राहिली. दुसाने लिहीत होते. त्यांनी तिला बघितलं आणि पेन खाली ठेवलं."

"ठेवलं?"

"मग! लेकरापुढे लिहिणं काय मोठं?"

अपर्णाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती ते पुसतही नव्हती. शोभाबाईचा जीव गलबलला. इतकं कुणी रडलं नव्हतं, ते जळगावचे मास्तरही नाहीत.

ती झोपाळ्यापाशी खाली बसली. "ताई, माफ करा मला. मी खोटं बोलले. ही त्यांची खोली नव्हे. त्यांचं घर पलीकडे होतं, तो कारखाना आहे ना, तिथे. त्यांच्या मुलीनेच विकून टाकलं म्हणतात. एकदा वळून बघायलासुद्धा आली नाही."

झोपाळा थांबला.

"ठाऊक आहे," अपर्णा म्हणाली. "कागदावर सही माझीच होती." तिने शोभाबाईचा हात हातात घेतला. "तुम्ही थांबू नका. बाबांनी पेन खाली ठेवलं... मग?"