ओल हाय तवर

पाहुणे वेशीत आल्याची वर्दी आली, तरी मथुराबाईच्या हातातला तांब्या खाली ठेववेना. चहापुरतं पाणी पातेल्यात काढून ठेवलं होतं आणि बाकी उरला होता तो हा एवढाच तांब्या. ईट गावात टँकर येईल येईल म्हणता दुपार कलली होती.

"अहो, ह्ये न्हाणीत वतून येते," ती नवऱ्याला म्हणाली. "न्हायतर पाहुणं जाईस्तवर लायटीचं मेन बटन तरी बंद करा."

"आन् पंखा काय ववाळायला आणलाय?" नानासाहेब दबक्या आवाजात खेकसले. ते दूध सोसायटीचे सेक्रेटरी. ऑफिसातला टेबलपंखा त्यांनी सकाळीच घरी उचलून आणला होता. "ढोकीची माणसं हायेत ती. पोरगा साखर कारखान्यात कामाला. पाय धुवायला पाणी न्हाय म्हणून सांगू व्हय त्यास्नी? गिरिजाचं जमू द्यायचंय का न्हाय?"

लेकीचं नाव निघालं की मथुराबाईची बोलतीच बंद व्हायची. आजवर आलेली स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. ह्या वेळी तरी जमावं म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले असते, पण देवांना तरी पाणी कुठून आणायचं?

वीज घेतली तेव्हा वायरमननं करंट मातीत जिरवायला घरामागं खोल खड्डा खणायला सांगितला होता. त्यात कोळसा, मीठ, लोखंडी नळी आणि काय काय. नानासाहेब हसले. मातीत पुरायला पैसा कोण घालतो? मग त्यांना एक सायकलवाला भेटला, निम्म्या पैशांत घर उजळून देणारा. त्यानं ओसरीच्या लोखंडी खांबावरून एक तार नेऊन पहारीच्या तुकड्याला गुंडाळली, तो न्हाणीच्या सांडपाण्यात ठोकला आणि हात झटकले. "घरादाराच्या आंघोळीचं पाणी हितंच मुरतंय. ओल हाय तवर भ्या न्हाय," म्हणाला. आणि खरंच नव्हतं. न्हाणी कधी कोरडी पडेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

यंदा ती कोरडी पडली. अंगावर पाणी घेऊन किती दिवस झाले, हे घरात कुणी विचारत नव्हतं. अशातच मथुराबाईनं एकदा ओल्या हातानं ओसरीचा लोखंडी खांब धरला, तर त्यानं तिला उचलून फेकलं. "तुला वात झालाय," नानासाहेब म्हणाले. तेव्हापासून प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी ती रोज त्या न्हाणीत ओतायची. शेजारणींना वाटायचं, बाईनं कसलं तरी व्रत धरलंय. नानासाहेबांनी त्यांना तसंच वाटू दिलं.

"रामराम!"

मुलाचे वडील, हरिबा, एकटेच आले होते. उन्हानं चेहरा रापलेला, पण हसू मोकळं. नानासाहेबांनी लगबगीनं पंख्याचं बटन दाबलं. भर दुपारी दिवाही लावला. हरिबांनी कौतुकानं वर पाहिलं, वहाणा काढल्या आणि खांबाजवळच्या दगडावर उभे राहून एक पाय पुढं केला. नानासाहेबांनी बायकोला डोळ्यानं खुणावलं.

मथुराबाई पुढं झाली. एका पायावर उभं राहिलेलं माणूस आधाराला काहीतरी धरतंच. हरिबांचा हात खांबाकडं निघाला.

"हात लावू नगा!"

आतल्या दाराआड गिरिजाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाला दारातच 'हात लावू नगा' म्हणायचं, ह्याहून मोठा अपमान तो कोणता? हरिबांचा चेहरा उतरला.

"तिचं मनावर घिऊ नगा," नानासाहेब ओढूनताणून हसले. "व्रत हाय तिचं."

"व्रत न्हाय," मथुराबाई म्हणाली. लेकीचं जमत आलेलं आपण आपल्याच तोंडानं मोडतोय, हे तिला कळत होतं. पण माणूस आला तसा जिता परत जायला हवा होता. "करंट उतरतुया त्या खांबात, पाहुणं. तार न्हाणीत ठोकलीया आन् न्हाणी वाळून खडंग झालीया."

हरिबांनी पाय खाली टेकला.

"न्हाणीत?" त्यांनी नानासाहेबांकडं पाहिलं. "कुणी ठोकली?"

"हाय की एक. सायकलवर यायचा."

"सोन्याच्या दाताचा?"

नानासाहेबांनी नुसती मान हलवली.

"आमच्यात बी त्योच आल्ता." हरिबा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "थोरली सून रोज म्हणती, मामा, धुणं टाकायच्या वलणीची तार चावतीया. आमी समदी हसतो तिला." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आज आमच्यात टँकर आलाय. लई दिसांचं धुणं काढून बसली हुती ती."

ते वळले आणि एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागले. चार पावलं चालले असतील नसतील, तोच धोतर वर धरून पळू लागले. वहाणा दगडापाशी तशाच राहिल्या.

"अहो पाहुणं! वहाणा!" म्हणत नानासाहेब ओसरीच्या कडेपर्यंत धावले. खाली उतरताना सवयीनं त्यांचा हात खांबाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"मथुरा," मागं वळून न बघता ते म्हणाले, "मेन बटन बंद कर."