हिरवा ठिपका

शेरालीच्या पहिल्या नातवाला पाळण्यात घातलं, त्या वर्षीची ही गोष्ट. ऑगस्ट सरत आला होता. रिवाजाप्रमाणे पाळणा सुनेच्या माहेरून आला. व्याही सापारबाय तो भाड्याच्या गाडीच्या टपावर बांधून घेऊन आला. एरवी तो घोड्यावरून यायचा.

अंगणात मेंढ्याचं मुंडकं भाजून झालं तसा शेराली हात पुसत मागच्या खोलीत गेला. मुलगा तिलेक संगणकासमोर बसला होता.

"पाहुणे आलेत. त्यांच्या हातावर पाणी कोण घालणार?"

"दहा मिनिटं, बाबा. अभ्यास चाललाय."

पडद्यावर पत्ते होते. दोन वर्षं झाली, तिलेक इंटरनेटवर पोकर खेळून घर चालवत होता. दारूला शिवत नसे. झोप पुरी घेई. आदल्या दिवशीचे डाव रोज पुन्हा उघडून आपल्या चुका वहीत लिहून काढी.

"नीट केस विंचरून खेळलास तरी जुगार तो जुगारच," शेराली म्हणाला.

"जुगारी आजचं बघतो. मी वर्षाचं बघतो. आज हरलो, उद्या हरलो, काही बिघडत नाही. वर्षअखेरीला वर असलो म्हणजे झालं."

"आणि वर कसा राहतोस?"

हे कुणी विचारलं की तिलेकला बरं वाटे. त्याने खुर्ची वळवली. "पत्ते काय, सगळ्यांना सारखेच येतात. कुणाबरोबर बसायचं ते कळलं पाहिजे. तगड्या गड्याशी डोकं कशाला फोडायचं? कच्चा शोधायचा. सापडला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. तो आला की मला इथे दिसतं. हा बघा, माझा सगळ्यात लाडका."

त्याने वही पुढे केली. शेरालीने ओळीखाली बोट धरून वाचलं. 'पत्ते टाकून देत नाही. हरला की दुप्पट लावतो. हरल्यावर गोड बोलावं. उठू देऊ नये.'

वर नाव होतं, बोझ-जोर्गो.

शेरालीचं बोट तिथेच राहिलं. त्या नावाचा, पांढुरक्या रंगाचा, डुलत्या चालीचा घोडा खोऱ्यात कुणाला माहीत नव्हता? बारा वर्षं शर्यतीत सापारबायच्या मांडीखाली तो पळाला. मे महिन्यात सापारबायने तो विकला. माझे गुडघे धरतात आता, म्हणाला होता.

तेवढ्यात पडद्यावर ठिपका लुकलुकला.

"नाव काढलं आणि आला! भरदुपारी! पिऊन बसलाय बहुतेक," म्हणत तिलेकने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या टेबलावर जागा धरली.

शेरालीने खिडकीबाहेर पाहिलं. तबेल्यामागे पालथ्या बादलीवर सापारबाय बसला होता. डोक्यावर समारंभासाठी घेतलेली नवी टोपी. फोन नाकापाशी धरलेला. त्याचा अंगठा हलला. आत, पडद्यावर, बोझ-जोर्गोने पैसे पुढे सरकवले.

"तिलेक. बाहेर बघ."

तिलेकने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पांढुरके घोडे काय, शंभरजणांकडे असतात," तो शेवटी म्हणाला. "मला काय माहीत."

"आता झालं ना माहीत? ऊठ."

"टेबलावर आणखी चौघं आहेत, बाबा. मी उठलो तर ते खातील त्यांना. मी निदान घरातला आहे."

बोलता बोलता त्याने खालच्या चौकोनात काहीतरी लिहिलं. शेरालीने तेही वाचलं. 'छान खेळता, आजोबा.'

बाहेर बादलीवर सापारबाय हसला. चष्मा सारखा करून पुन्हा फोनवर वाकला.

मग पत्ते उघडले. पैसे तिलेकच्या बाजूला आले. तिलेकने वहीत एक ओळ लिहिली. बाहेर सापारबायने फोन गुडघ्यावर पालथा ठेवला आणि रिकाम्या दावणीकडे बघत राहिला.



"अहो, पाणी!" पलीकडून सून गुलझातने हाक मारली.

तिलेक उठला. खांद्यावर टॉवेल टाकला, एका हातात झारी आणि दुसऱ्यात तस्त घेऊन पाहुण्यांत गेला. सापारबाय आत येऊन मानाच्या जागी बसला होता, दारापासून सगळ्यात लांब. तिलेक त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याच्या हातावर तीनदा कोमट पाणी घातलं. थोडं पाणी सतरंजीवर सांडलं.

"राहू दे, राहू दे, जावईबापू," सापारबाय म्हणाला. हात पुसून त्याने दुआसाठी तळवे वर केले. "मोठा हो. घर सांभाळणारा, दारूला न शिवणारा पोरगा माझ्या गुलझातला मिळाला. या वयात आणखी काय पाहिजे?"

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. गुलझात पाळण्यापाशी उभी होती, डोळे भरून बघत होती. शेराली बोलायला म्हणून पुढे वाकला. तिच्याकडे बघून पुन्हा मागे टेकला.

मुंडकं पाहुण्यासमोर ठेवलं. सापारबायने सुरी घेतली, कान कापला आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या तरुणाला दिला. तिलेकने दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ला.

शेरालीने त्या दिवशी मांसाला हात लावला नाही. पोट बरं नाही, म्हणाला.

सापारबाय त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला गेला. सकाळी आपल्या रिकाम्या तबेल्यात सापडला. तिलेकचं वर्ष संपायला अजून सात आठवडे होते.