घरचा चोर

"एवढंच सांगा, हे बाईंशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं असतं का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

प्रश्न इंजिनिअरला होता. शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मुलांचे मार्क कुणीतरी बदलले होते. त्या कॉम्प्युटरवर सगळेच येऊन बसत, पण मार्कांना हात लावायचा अधिकार एकट्या बाईंच्या खात्याला होता. बाई शाळेचे कॉम्प्युटर सांभाळायच्या. आता त्या बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या आणि आत त्यांच्या नोकरीचा फैसला चालला होता. इंजिनिअरला कंपनीने पाठवलं ते एवढ्यासाठी, की त्याच कॉम्प्युटरवर कंपनीचं छपाईचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याच्यावर शिंतोडे उडायला नको होते. "आमचा काही संबंध नाही म्हणायचं, चहा प्यायचा आणि यायचं," साहेबांनी बजावलं होतं.

पण संबंध होता. सकाळीच त्याने स्वतः करून पाहिलं होतं. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर मालकाच्या तोऱ्यात, सगळे अधिकार घेऊन चालायचं आणि त्याच्या फोल्डरात कुणीही काहीही आणून टाकलं, तरी डोळे मिटून तेही त्याच तोऱ्यात चालवायचं. साध्या खात्यातून कुणी एक फाइल तिथे ठेवायचा अवकाश, की तो झाला अख्ख्या कॉम्प्युटरचा धनी.

बरं, हे आजच कळलं म्हणावं तर तेही नाही. गेल्या वर्षी याच बाईंनी कंपनीला अगदी हेच कळवलं होतं, नीट समजावून. पण त्याच्या ऑफिसात असल्या तक्रारींना 'घरचा चोर' म्हणत. ज्याला आधी कॉम्प्युटरसमोर येऊन बसावं लागतं तो घरचाच माणूस, त्याचं कसलं आलंय भय! शेरा मारायचा आणि प्रकरण बंद. याने तर वर अक्कलही शिकवली होती. 'असं होऊच शकत नाही. आधी मूलभूत गोष्टी समजून घ्या,' असं उत्तर धाडलं होतं. करून बघायची तसदीसुद्धा घेतली नव्हती या महाशयांनी.

"जमलं असतं," तो म्हणाला. "कुणालाही. दोष आमच्या सॉफ्टवेअरचा आहे."

मग मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी समजलं?"

"आज सकाळी."

झालं, बोलून गेला. आता शब्द मागे घ्यायची छाती होईना. शाळेचे एक संचालक उठले आणि त्याची पाठ थोपटत म्हणाले, "स्वतःच्या कंपनीचा दोष असा कोण सांगतो हो हल्ली? शाब्बास!" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंची नोकरी तर वाचली ना, मग झालं तर, असं त्याने मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना.

व्हरांड्यात मुख्याध्यापिकांनी बाईंना सांगितलं, "चूक सॉफ्टवेअरची निघाली. या साहेबांनी शोधून काढली. तुम्ही उद्यापासून या कामावर." आणि त्या आत गेल्या.

उठून उभ्या राहिलेल्या बाई परत बाकावर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माझाच पासवर्ड कुठेतरी उघडा राहिला असणार. घरी आईलाही तसंच सांगून बसले होते. तुमचे उपकार कसे फेडू, साहेब?"

त्याला राहवेना. आता तरी खरं बोलावं म्हणून तो शेजारी बसला. "बाई, गेल्या वर्षीची तुमची ती तक्रार..."

बाईंचा चेहरा लाजेने लालबुंद झाला.

"अहो, ती नका ना काढू! तुम्ही शोधलेली चूक कुठे आणि मी वेड्यासारखं लिहिलेलं ते कुठे! तुम्ही वेळीच कान उपटलेत म्हणून बरं, नाहीतर आज आत सगळ्यांसमोर माझ्या बचावासाठी मी तेच सांगत बसले असते."