खेचराचे उपकार

हिंदुराव आणि दत्तोबा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लढाईत जखमी झालेल्या दुसऱ्याला मीच पाठीवर घेऊन डोंगर उतरलो, असं दोघंही छातीठोक सांगत. शेवटी सैनिक भवनातल्या यंत्राने दोघांच्या डोक्यातली आठवण वाचली आणि जुन्या फोटोंशी, लष्करी नोंदींशी ताडून पाहिली. पडद्यावर फोटो आला. एका खेचराच्या दोन बाजूंना दोघंही बेशुद्ध, बांधलेले.

"म्हणजे इतकी वर्षं मिशा पिळल्या त्या खेचराच्या जिवावर!" हिंदुरावांची बायको गजराबाई कडाडली.

"डावीकडचा मी दिसतोय," दत्तोबा पुटपुटले.

"मग उजवीकडचा मी," हिंदुराव म्हणाले आणि दोघांनाही हसू फुटलं.

"आता डाव्या-उजव्यावरून भांडू नका. दत्तूभावजी, तुम्हीपण चला घरी. मटण शिजलंय."